एकेचाळीस जणांनी दिलेला एक तारा

शनिवार पेठ, पुणे
बुधवार, दुसऱ्या चहानंतर

चि. श्याम यास,

सरोजिनीताईचा आशीर्वाद, आणि हे पाकीट तू न फोडता फडताळात टाकलंस तरी तो तुला लागू राहील. (पाकिटावरचा पत्ता मुद्दाम दुसऱ्याच्या अक्षरात घातला आहे, तेव्हा बहुधा फोडलंच असशील.) आम्ही इकडे, म्हणजे मी, माझे दोन गुडघे आणि तुझी मुलगी, बऱ्या आहोत. तुझी साखर कितीवर आहे, नीरजाची कंबर कशी आहे आणि तिकडे मांजरीत नळाला पाणी रोज येतं की एक दिवसाआड, ते कळव. पाकीट आणायला पोस्टात गेले तेव्हा खिडकीतल्या मुलीने कुठे पाठवायचंय म्हणून विचारलं. मांजरी म्हटल्यावर म्हणाली, "आजी, फोन करा की." आता तिला कसं सांगू, की माझा एकसष्ट वर्षांचा धाकटा भाऊ दोन महिने फोन उचलत नाही आणि घरच्या ग्रूपमधूनही कोणाला न सांगता बाहेर पडला आहे? म्हटलं, त्याला माझं अक्षर आवडतं.

नीरजा मला चोरून फोन करते, त्यामुळे तुझ्या रागाचं कारण मला ठाऊक आहे. (तिला बोलू नकोस. सदतीस वर्षं तुझ्याबरोबर काढलेल्या बाईला एवढी तरी मोकळीक हवी.) पेन्शनरांच्या सहलीत बसमध्ये तुझ्या कारखान्यातले ते रामदास म्हणाले, की श्यामराव, तुम्ही तर स्टार झालात, तुमचा आवाज गाण्यात आलाय, पोरं त्यावर नाचतात, आणि अख्खी बस हसली. तुझ्या स्पृहाने आपल्या अल्बमच्या चौथ्या गाण्यात तुझ्या जुन्या स्कूटरचा आवाज घातला आहे, आणि खडकीच्या क्वार्टरमध्ये सकाळी किका मारता मारता तू जे म्हणायचास, "चल गं बाई, उशीर झाला," तेही, लहानपणी तिने टेप करून ठेवलेलं, जसंच्या तसं घातलं आहे. आधी हिने चांगली नोकरी सोडली, मग डीजे झाली, आणि आता बापाचं हसं केलं, असं तुझं म्हणणं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीबद्दल मला काही सांगायचं आहे. आणि तिने तुला आधी विचारायला हवं होतं, हेही मान्य. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. तिने उलट उत्तर दिलं नाही, यावरून काय ते समज.

आता अल्बमविषयी. डीजे म्हटलं की आपल्या पेठेत लोक आधी खिडक्या लावून घेतात आणि मग विचारतात, गणपतीत कोणत्या मंडळापुढे? तसं ते नाही. ही मुलगी हेडफोन लावून महिनोन्‌महिने माझ्या मागच्या खोलीत बसते, कुठले कुठले आवाज गोळा करते, ते कापते, जोडते आणि त्यांच्याखाली ठोका घालते. ठोका वाढत वाढत जातो, मग एकदम सगळं थांबतं, आणि मग धाडकन सगळं एकत्र कोसळतं. त्या कोसळण्याला ड्रॉप म्हणतात. (आपल्याकडे समेवर येतात तसंच, फक्त समेबरोबर माळाही खाली येतो.) अल्बमचं नाव 'सकाळची शिफ्ट'. नऊ गाणी, गाण्यांना शब्द नाहीत, त्यामुळे अश्लील काही असण्याची भीती नाही. दीड वर्ष खपून तिने तो इंटरनेटवर चढवला. ऐकणाऱ्याने तिथेच पाचपैकी तारे द्यायचे आणि खाली दोन ओळींत मत लिहायचं, अशी सोय आहे. पहिल्या आठवड्यात मतं आली चार. पोरगी दर तासाला फोन उघडून बघायची आणि पुन्हा उपडा ठेवायची. मला ते बघवेना.

आणि इथे श्याम, मी घोटाळा केला. तो मी कोणाचंही नाव पुढे न करता कबूल करते. माझ्या चौऱ्याण्णव सालच्या दहावी 'ब'चा एक ग्रूप आहे. सगळे आता पंचेचाळिशीच्या पुढचे, कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार, पण मी काही लिहिलं की अजून "हो बाई" असं उत्तर येतं. त्यांना मी हुकूम सोडला, की माझ्या भाचीच्या अल्बमला सर्वांनी एक तारा द्यावा. का, तर मला वाटलं एक म्हणजे पहिला नंबर! एकोणतीस वर्षं शाळेत पहिला आलेल्या मुलाच्या नावापुढे मी एकच लिहीत आले. पाचवा आलेला जास्त हुशार, असा नियम कोणत्या शाळेत आहे मला माहीत नाही. वर मतही मीच सांगून ठेवलं: "प्रयत्न चांगला. सातत्य ठेवावे. सर्वांनी हेच लिहावे." दुपारपर्यंत एकेचाळीस जणांनी एकेक तारा दिला आणि खाली तेच वाक्य उतरवलं. त्यातल्या सहा जणांनी "सर्वांनी हेच लिहावे" हेसुद्धा उतरवलं. (कॉपी करतानाही डोकं वापरावं लागतं, हे मी त्यांना तेव्हाही सांगत असे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले, तर स्पृहा बशी पुढ्यात घेऊन नुसती बसलेली. शेंगदाणे एका बाजूला काढत होती, लहानपणी रडायच्या आधी करायची तसं. म्हणाली, "आत्या, एकेचाळीस लोकांनी एका दिवसात मला नापास केलंय. एकच वाक्य लिहिलंय सगळ्यांनी, टोमणा मारल्यासारखं. माझं चुकलं बहुतेक. जुन्या कंपनीतून पुन्हा विचारलंय, सोमवारी हो म्हणून कळवते." मी ते वाक्य वाचायला मागितलं, तर ते माझंच निघालं. आयुष्यभर बाई म्हणून मिरवले, आणि घरातल्या एका पोरीचं दीड वर्षाचं काम मी एका दुपारी बुडवलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता रडेल, पण ती जी हसायला लागली ती थेट ठसका लागेपर्यंत. मी पाठ चोळत होते आणि रडत मात्र मी होते.

लगेच योगेशला फोन लावला. (हाही दहावी 'ब'चाच, यानेच पाकिटावर पत्ता घातला. कॉम्प्युटरची स्वतःची कंपनी आहे, तरी एक तारा देऊन मोकळा.) म्हटलं, अरे, तुला तरी कळायला नको? तर म्हणाला, "बाई, मला कळत होतं. पण तुम्ही निबंधाला दहापैकी दोन देऊन 'छान' लिहायचात. वाटलं, तुमच्या हिशेबात एक म्हणजे बराच असेल." त्याने सुचवलं, सगळ्यांना सांगून पाच-पाच करून टाकू. ते मात्र मी होऊ दिलं नाही. न ऐकता दिलेला एक जितका खोटा, तितकाच न ऐकता दिलेला पाचही खोटा. स्पृहाही म्हणाली, "ऐकून एक दिला तर मला चालेल." तेव्हा रविवारी सकाळी दहा वाजता ज्यांना जमेल त्यांनी माझ्या घरी यावं, पूर्ण अल्बम ऐकावा आणि ज्याने त्याने स्वतःच्या शब्दांत मत लिहावं, असं ठरलं.

सतरा जण आले. स्पृहाने दोन स्पीकर लावले, त्यातला एक फ्रिजएवढा. पहिल्याच गाण्याच्या ड्रॉपला माझ्या शोकेसमधला काचेचा हत्ती चालत चालत कडेला आला. दुसऱ्या गाण्याला बेल वाजली. खालच्या इंदुबाई. तू त्यांना ओळखतोस. जिन्यात "चपला वाजवू नयेत" ही पाटी त्यांचीच. दारातूनच म्हणाल्या, "माझी दोन भांडी पडली." मी क्षमा मागितली. त्या आत आल्या, सगळ्यात चांगली खुर्ची बघून बसल्या आणि म्हणाल्या, "तिसरं पडायच्या आत कळू दे तरी काय चाललंय." मग शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

मतं तुला खरी खरी सांगते. डॉक्टर असलेल्या नम्रताला पहिली दोन गाणी सारखीच वाटली, आणि सहाव्याने तिचं डोकं दुखलं. एकाला सगळंच आवडलं (हा शाळेतही सगळ्याला हो म्हणायचा, तेव्हा धरू नकोस). योगेश म्हणाला आठवं गाणं दोन मिनिटं आधी संपायला हवं होतं, आणि स्पृहाने ते वहीत लिहून घेतलं. इंदुबाईंनी मत दिलं, की आवाज मोठा आहे पण स्वच्छ आहे, मंडळाच्या स्पीकरसारखा फाटका नाही. पेठेत याहून मोठी पदवी मी अजून कोणाला मिळालेली पाहिली नाही.

आता चौथं. श्याम, इथे जरा बसून वाच. आधी पहाटेचे कावळे ऐकू येतात, मग नळाचं पाणी, मग तुझी किक. एक, दोन, तीन. त्यांच्याखाली ठोका हळूहळू उभा राहतो. सहाव्या किकेनंतर सगळं थांबतं आणि त्या शांततेत तुझा आवाज येतो, "चल गं बाई, उशीर झाला." लोक हसले. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, सतरा जण हसले, मीही हसले. मग सातवी किक, इंजिन लागतं, आणि सगळं असं काही कोसळतं की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यानंतर कोणी हसत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा मागे बसलेला बद्रीनाथ, जो वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, म्हणाला, "परत लावता येईल?" परत लावलं. मग म्हणाला, "आमचे अण्णा हातगाडीशी असंच बोलायचे. चढावर. त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाहीये." एवढंच बोलला आणि आपला चहाचा कप स्वतः विसळून ठेवून आला. ते हसणं आणि बसमधलं हसणं एक नव्हतं. बसमधल्यांनी गाणं ऐकलेलं नव्हतं, रामदासांनी सांगितलेलं ऐकलं होतं. आणि रागावणं तुझा हक्क आहे, पण तूही ते अजून ऐकलेलं नाहीस.

घरी जाऊन सगळ्यांनी आपापली मतं बदलली. कोणी तीन तारे दिले, कोणी चार, नम्रताने अडीच (अर्धा तारा देता येतो हे तिनेच शोधून काढलं). पण आदल्या आठवड्यातली ती "सर्वांनी हेच लिहावे"वाली मतं कोणीतरी टिपून ठेवली होती आणि ती लोकांत फिरली. हा कसला अल्बम, ज्याला एका दिवसात एकेचाळीस जण एक तारा देतात आणि सातत्य ठेवायला सांगतात, म्हणून माणसं मुद्दाम ऐकायला आली. आजपर्यंत सातशेच्या वर मतं झाली आहेत. वाईट आहेत, चांगली आहेत, काही भाषा मला येतच नाहीत. परवा ब्राझीलच्या एका बाईने विचारलं होतं, की हा माणूस ज्या बाईला इतक्या मायेने उठवतोय ती कोण, आणि ती उठली का? स्पृहाने उत्तर लिहिलं: ती स्कूटर आहे. उठली. तिने वडिलांना एकवीस वर्षं कधी उशीर होऊ दिला नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारीच कंपनीला तिने नको म्हणून कळवलं. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही. पण काल ती शेंगदाण्यांसकट पोहे खात होती.

नीरजाला आशीर्वाद. औषधं वेळेवर घे.

तुझी,
ताई

ता. क. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता खडकीच्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम आहे. पेठेतून खडकीला यायला रिक्षावाले तयार नसतात आणि माझ्या गुडघ्यांना बस झेपत नाही. तेव्हा मला न्यायला चार वाजता ये. कार्यक्रम ऐकायचा नसेल तर बाहेर थांबलास तरी चालेल.

ता. क. २. वरचं खोडत नाही, पण ते खरं नाही. योगेश मला गाडीने नेणार आहे. तरी तू ये. बाहेर थांबू नकोस.

ता. क. ३. हे पत्र मी तिच्या नकळत लिहीत होते. पाकीट चिकटवायच्या आत ती मागे येऊन उभी राहिली आणि तिने सगळं वाचलं. मला वाटलं, आता चिडेल. तिने शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "बाबांना लिही, की मी विचारायला हवं होतं. आणि त्यांची खुर्ची मी भिंतीच्या बाजूला ठेवतेय, उजवा कान माझ्याकडे होईल अशी. कारखान्यात प्रेसच्या यंत्रावर काम करून डाव्याने त्यांना कमी ऐकू येतं, पण ते कोणाला सांगत नाहीत."

श्याम, मला हे माहीत नव्हतं. आत्ता नीरजाला फोन करून विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.