ताटाएवढं आभाळ

बोरगाव मेघे,
४ जानेवारी २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बाबा माझा फोन घेत नाहीत, म्हणून पत्र. सरकारी नोकरी सोडून मी ज्या इमारतीच्या मागे लागले, ते नव्या चित्रकलेचं संग्रहालय उघडलं. तिथली गोल खोली माझ्या आराखड्यावरून बांधली आहे. एसटीनं वर्ध्याला ये आणि बाबांना घेऊन ये. दोन वर्षांत त्यांनी माझं एकही काम पाहिलेलं नाही. नाही आवडलं तर तसं सांगावं, पण पाहून सांगावं.

गुडघ्यांना तेल लावतेस ना? रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझी,
मयुरी


समुद्रपूर,
१३ जानेवारी २०२५

चि. मयुरीस आजी जिजाबाईचे अ. आ. आणि जयभीम.

माही पत्रं शेजारची अंकिता लिवते. आजबी ती मोकयीच होती, पण मी बोलावलं नाई. तुह्या बापाले बसवलं. मास्तरकीतून रिटायर झाला तरी खोड जात नाई. माह्या 'मले'चं 'मला' करून राह्यला होता. म्हटलं, रत्नदीप, जसं बोलतो तसं लिव.

काल जाऊन आलो. तुह्यासाठी नाई, मले वाघ पाहाचा होता. नागपूरच्या अजबबंगल्यात भुसा भरलेला वाघ हाये, वाटलं इथंबी असन. दारावरच्या बाईले विचारलं तं ती हसली. म्हणे, आजी, इथं वाघ नाई, चित्रं हायेत.

बाहेरून पाह्यलं तं भिंत अशी कलती, आता पडते का मंग पडते. तुहा बाप म्हणे, ओळंबा लावायचा विसरले वाटते. आत एक चित्र, भिंतभर नुसतं निळं. मले वाटलं धुण्यात नीळ जास्त झाली. पण दूर जाऊन उभी राह्यली तं डोये हालेचनात.

मंग ती गोल खोली. मयुरे, काय सांगू तुले. लहानपणी मालगुजाराची जमिनीतल्या पेवात भरलेली जवारी काढाले मले दोरानं खाली सोडत. अंगानं बारीक होती ना मी. आत कोंदट अंधार, अन् वर तोंडाशी ताटाएवढं आभाय. वरून ओरडत, लवकर भर, लवकर भर.

तुह्या खोलीत वर तेच ताट. तसंच गोल, तसंच उघडं. पण मी दारातून चालत गेली. उजेड येऊन माह्या पायावर बसला अन् कोणी ओरडलं नाई. चपला काढल्या अन् तिथंच भुईवर बसली. उठावंच वाटेना. माही गोष्ट चोरली का व तुनं? चोरली तं चोरली, दार ठेवलं ते बरं केलं.

तुहा बाप वर पाहत उभाच. मंग भिंतीवरून हात फिरवून राह्यला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. ती बाई म्हणे, काका, हात लावू नका. तवा तो तिले म्हणाला, ..............

इथं पेन थांबला पाह्य. तो काय म्हणाला ते मी दोनदा सांगितलं. लिवलं का नाई, मले कसं कयन? माह्यासाठी सारेच अक्षरं मुंग्या. तू पाहून सांगजो.

हुरडा आला हाये. ये, नाईतर मी एकटी खाऊन टाकीन अन् माया तेवढी तुह्यासाठी ठेवीन.

तुही आजी
(अंगठा)


बोरगाव मेघे,
१८ जानेवारी २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र बाबाच तुला वाचून दाखवतील, म्हणून मोजकंच लिहिते. हो, गोष्ट तुझीच चोरली. दार मात्र माझं.

तू विचारलंस त्याचं उत्तर: ओळीत जागा मोकळीच आहे. पण तुझ्या अंगठ्याच्या खाली, फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरात लिहिलंय, "माझ्या मुलीने बांधलंय. लावू द्या हात."

बाबा, ही ओळ पुन्हा एकदा वाचा. मोठ्यानं. आजीला कमी ऐकू येतं.

हुरड्याला येते आहे. दाराला कडी लावू नका.

तुम्हा दोघांची,
मयुरी