गोल भिंतीवरची वीण

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा गोंधळ होता तिथेच आहे. त्या दिवशी तुम्ही "ह्या आपला न्हाय" म्हणालात, ते नेमकं कशाला? चित्राला, घराला, की मला? हे कुठे पाठवायची सोय नाही, हे ठाऊक असूनही लिहायला बसलेय.

गोदामांना जमिनी दिल्यावर आपल्या वळ गावात जो तो बंगला बांधायला निघाला होता. तुम्हाला मात्र पुढची भिंत गोल हवी होती आणि तिच्यावर आपल्या कणग्याची वीण. भात साठवायचा तो बांबूचा कणगा, आतून शेणाने लिंपलेला, बाहेरून वीण उघडी. शेती संपली होती आणि तो पडवीत रिकामा उभा होता. "घरान शिरताना मानसाला कलला पायजे, इथं भात होता," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. मी तेव्हा भिवंडीत एका आर्किटेक्टकडे कंप्युटरवर घरांची मॉडेलं करायचे, म्हणून हे काम साहजिकच माझ्याकडे आलं. कणग्याचा फोटो काढून मी गोल भिंतीवर चढवला, तर वीण जागोजागी तुटलेली! मग कळलं, त्या सॉफ्टवेअरमध्ये गोल असं काही नसतंच. सपाट पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करून गोलाचा आव आणलेला असतो, आणि प्रत्येक पट्टीवर चित्र नव्याने सुरू होतं. गावाचं नाव वळ, आणि तुमच्या लेकीला एक भिंत वळवता येईना. शेवटी बॅटरीचा झोत टाकावा तसा तो फोटो मी समोरून भिंतीवर टाकला. समोरून वीण सुरेख दिसायला लागली, पण कडेला मळलेल्या कणकेसारखी ताणली गेली.

तुम्ही ऑफिसात येता. सर नको नको म्हणत असताना चपला बाहेर काढता, खुर्चीच्या टोकावर बसता. स्क्रीनवर समोरची बाजू बघून हसता. मग मी मॉडेल फिरवते आणि तुम्ही पुढे वाकून बघत राहता.

"ह्या आपला न्हाय, गो बाय."

"मी करते नीट, बाबा. दोन दिवस द्या ना."

माझा आवाज रडवेला होतो. सर पलीकडच्या टेबलावरून मान वर करतात. तुम्ही आधी माझ्याकडे बघता, मग त्यांच्याकडे. "ऱ्हाऊदे. भित सरल कर. बरी दिसंल."

घर सरळ भिंतीचं झालं. कणग्याला वाळवी लागली होती, तो वास्तुशांतीच्या आधी दादाने जाळला आणि तुम्ही त्याला अडवलंही नाहीत. त्याच दिवाळीच्या तोंडावर तुम्ही गेलात. तेव्हापासून मी स्वतःशीच भांडतेय. चार लोकांत लेकीची लाज राखायला तुम्ही हट्ट सोडलात? की ते चित्र बघून तुम्हाला वाटलं, गेलेलं भात भिंतीवर काढून काय मिळणार? कधी हे खरं वाटतं, कधी ते. रागही येतो. एवढे बोलके तुम्ही, नेमकं तेव्हाच चार शब्द जास्त बोलायला काय झालं होतं?

आता दादा घर वाढवतोय. म्हणतो, बाबांची गोल भिंत करूया. आणि आता मला ती येते. गोल उलगडून सपाट करायचा, वीण बसवायची, पुन्हा गुंडाळायचा. कुठे तुटत नाही, कुठे ताणत नाही. मॉडेल तयार आहे, सगळ्या बाजूंनी फिरवून बघते, आणि तरी ते आपलं आहे की नाही, मला सांगता येत नाही.

काल दादाने विचारलं, "मग, फायनल करू ना?"

"थांब," मी म्हटलं, "बाबांना विचारून सांगते."

तोंडातून सहज निघून गेलं. पण मी तो शब्द मागे घेतला नाही.