लाल चष्म्याचा फ्लेक्स

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. २६ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
ऋतुराजचा शि. सा. न. वि. वि.

सयाजीनं खांबावर चढून माझा फ्लेक्स वरनं खालपर्यंत टराटरा फाडला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधीचा ऋतुराज वेगळा आणि नंतरचा वेगळा. तुला झालंय तरी काय, असं तू सारखी विचारतेस. आईच्या फोनवर मी ओरडतो, तू रडतेस आणि आई मधेच फोन काढून घेते. शेवटी तूच म्हणालीस की कागदावर लिही, कागदावर ओरडता येत नाही. बघूया येतंय का. दाजींच्या कापडाच्या गाठी घेऊन भाऊसो टेम्पोनं शाहूपुरीत येतोच, त्याच्या हाती हे पाठवतो.

माझा ब्लॉग तुला माहीत आहे, ‘राखीव खेळाडू’. तालमीच्या फुटबॉल टीममध्ये मी कायम बाकावर. तिथनं जे दिसतं ते अकरावीपासून लिहीत आलो. नोव्हेंबरात एक ओळ लिहिली होती. ‘ती मैदानाच्या कडेनं गेली आणि बॉल कुठाय ते बावीस जणांना कळंना.’ नाव घातलं नव्हतं की! पण माझ्या वाढदिवसाला सम्राटनं आणि तालमीतल्या पोरांनी तीच ओळ उचलली आणि चौकात फ्लेक्स लावला. मधे गॉगल घातलेला मी, वर ती ओळ, आणि खाली मोठ्या अक्षरात, लाल चष्म्याच्या वहिनींना सप्रेम. आता पेठेत लाल चष्मा एकच, अनुजाचा. खोटं कशाला सांगू आक्का, मी हवेत होतो. फ्लेक्सखाली उभा राहून पोरांबरोबर फोटो काढले.

दुपारी सयाजी आला. अनुजाचा थोरला भाऊ, समोरच्या तालमीचा गोलकीपर. खांबावर चढला आणि ब्लेड माझ्या फोटोच्या कपाळातनं घातलं ते वहिनीपर्यंत आणलं. तालमीचा फ्लेक्स फाडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू याच पेठेतली. तो खाली उतरायच्या आत मी हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. दात रस्त्यावर पडला, तो मी पायानं गटारात ढकलला. मग त्यानं माझा हात धरून गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरवर दाबला आणि दाबूनच धरला. कातडं चिकटलं. त्याचा वास अजून नाकातनं जात नाही. मी त्याच्या कानाला चावलो. पोरांनी आम्हाला ओढून काढलं तेव्हा माझ्या तोंडात रक्त कुणाचं होतं ते मलाच कळत नव्हतं. माझा फोन त्याच्या गाडीखाली गेला तो गेलाच.

कॉलेजात सर म्हणाले की माफीपत्र लिहून दे. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकलं आणि बाहेर आलो. आबा म्हणाले, मग आता झेरॉक्स काढत बस. म्हणून शाहूपुरीत जोतीरामकाकांच्या दुकानात झेरॉक्स काढतो. अनुजा त्या दिवसापासून दिसलेली नाही. कॉलेजात नाही, खिडकीत नाही, देवळात नाही. कुणी सांगत नाही.

त्या दिवसापासून ब्लॉगवर एक अक्षर नाही. आता बास. नव्या वर्षाचा संकल्प केलाय, दर रविवारी एक लेख, काही झालं तरी. सुरुवात मात्र रविवारची वाट न बघता एक तारखेलाच. पहिल्या लेखाचं नाव ‘फाडणाऱ्यास’. सयाजीचं नाव, त्याचं घर, त्याचा पडलेला दात, सगळं त्यात असणार. सबंध कोल्हापुरानं वाचावं. तालमीत पोरांना सांगितलंय.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती या वेळी जरा ढळू देऊ नको.
तुझा,
ऋतुराज


कबनूर
ता. २८ डिसेंबर २०२५

चि. ऋतुराज यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊसोनं पत्र दिलं. कागदावर ओरडता येतं बरं का, माझे कान दुखले. हाताला काय लावतोस ते लिहिलं नाहीस. कोरफड लाव आणि खाजवू नको. दुसऱ्याचा कान चावणारा माणूस स्वतःची खपली काय शाबूत ठेवणार म्हणा! लहानपणी पाटलांच्या कुत्र्याला बघून माझ्या परकरात शिरायचास, तोच का हा?

इकडं सगळं ठीक. माग चालू आहेत, त्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. मी दुपारी सुताच्या कांड्या भरायला बसते. तुझे दाजी तुझा ब्लॉग मोबाइलवर मोठ्यानं वाचतात. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या म्हाताऱ्यावर तू लिहिलं होतंस, ते त्यांनी कारखान्यातल्या सगळ्यांना माग बंद ठेवून ऐकवलं. माग बंद ठेवून, बरं का. गणपतीतसुद्धा एवढं करत नाहीत. नवीन काही का येत नाही म्हणून मला विचारत होते. मी काय सांगू? त्या पोराच्या तोंडात सध्या कुणाचा तरी कान आहे म्हणून सांगू?

तू परत लिहितोयस याचा मला आनंद झाला, खोटं नाही. पण पहिलाच लेख सयाजीच्या दातावर? तो दात उगवायचा नाही, पण भांडण उगवेल. आणि एक विचारते. पत्रात फ्लेक्स आहे, सायलेन्सर आहे, सम्राट आहे, गटार आहे. अनुजा काय म्हणाली ते कुठं आहे? ती तुझ्याशी कधी बोलली तरी होती का? त्या पोरीला वहिनी कुणी केलं, कुठल्या अक्षता पडल्या? मला याचं उत्तर पाहिजे.

तो लेख घालू नको. संकल्प ठेव, लेख बदल. आबांच्या समोर आवाज चढवू नको.
पत्राची वाट बघते. माझी आठवण रागातसुद्धा राहू दे.
तुझी,
आक्का


कोल्हापूर
ता. २९ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न.

उत्तर देतो. बोलली नव्हती. पण बघायची. मॅचला समोरच्या गॅलरीत बसायची, त्यांच्या तालमीच्या बाजूला, आणि आमचा गोल झाला की तिच्या भावाच्या देखत हसायची. एकदा बसस्टॉपवर तिनं माझ्याकडं बघून चष्मा पुसला. तुला हे काहीच वाटणार नाही. मला वर्षभर पुरलं.

आणि तू सयाजीची बाजू घेतेस! काल ग्राउंडवर काय झालं ऐक. मी बाकावर बसलो होतो. मागनं त्यांच्या तालमीचं एक पोरगं ओरडलं, लाल चष्मा, लाल चष्मा, आणि सगळी गॅलरी त्या तालावर टाळ्या वाजवायला लागली. हजारभर माणसं, आक्का. जाळी ओलांडून गेलो, झेंड्याची काठी उपसली आणि त्याच्या पाठीवर मोडेपर्यंत मारली. मोडल्यावर उरलेल्या तुकड्यानं मारली. ते रडत होतं, तोंडातनं लाळ येत होती, तरी माझा हात थांबंना. शेवटी आमच्यातल्या आदर्शनं माझ्या पायात पाय घालून मला पाडलं. मॅच बंद पडली.

त्या गॅलरीला तिचं नाव घ्यायचा काय हक्क? म्हणूनच लेख घालणार. दुकानातल्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत टाइप करून ठेवलाय, फक्त बटन दाबायचं राहिलंय. काका वाचून म्हणाले की लेका, हे लिहिणं नव्हं, ही फिर्याद हाय. असू दे.

सम्राटनं माझा नवा फोटो मागितलाय. एक तारखेला काहीतरी जोरात करणार म्हणतो. ब्लॉग परत सुरू होतोय म्हटल्यावर पोरं पेटलीत. गॉगलवाला नको, शाल पांघरलेला दे म्हणाला, लेखकासारखा. दिला.

रागावू नको. रागावलीस तर लिहून रागाव.
ऋतुराज


कबनूर
ता. ३१ डिसेंबर २०२५

चि. ऋतुराज,
आशीर्वाद.

भाऊसोला सांगितलंय की पत्र पोराच्या हातात दे, जबाब घेतल्याशिवाय हलू नको. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मधे उठून कुठं जाऊ नको.

अनुजा इथं आहे. माझ्या गल्लीत, तिच्या मावशीकडं, मीनाबाईंच्या घरी. तुझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तिला आणून सोडलं. मी तुला सांगितलं नाही, कारण तू गाडी काढून आला असतास. आज तिनंच सांगितलं म्हणून लिहिते. ती म्हणाली, मी कुठं आहे ते त्याला कळू दे ताई, पण तो आला तर पोलिसांना फोन मी स्वतः करणार आहे.

दुपारी ती माझ्याजवळ कांड्या भरायला येऊन बसते. चष्मा आता काळा आहे. लाल कुठं गेला म्हणून मी विचारलं. सयाजी तोंड शिवून घरी आला, त्यानं आधी हिच्या कानाखाली मारली आणि चष्मा काढून टाचेखाली चुरडला. काचेचा तुकडा हिच्या भुवईत गेला. ती खूण मी बघितली. तू हेल्मेट हाणलंस ते तिथं जाऊन लागलं बघ.

मी तुझ्या वतीनं काही बोलायला गेले नाही. तिनंच विषय काढला. ‘राखीव खेळाडू’ ती पहिल्यापासून वाचते. चुन्याच्या रेघावाला म्हातारा तिनं तिच्या वडिलांना वाचून दाखवला होता. बसस्टॉपवर चष्मा पुसला तो धूळ होती म्हणून. गोल झाल्यावर हसायची ते आपला भाऊ चिखलात पडायचा म्हणून. बॉल कुठाय ते बावीस जणांना कळंना, ही ओळ तिला आवडली होती रे. तुला कळवावं असं तिच्या मनात होतं, आणि तेवढ्यात चौकात तिची वहिनी झाली. तिनं मला विचारलं, त्याखाली उभा राहून तो फोटो काढत होता ते खरं का? मी हो म्हटलं. कांडी भरून झाली तरी तिचा हात फिरतच होता.

आता नीट ऐक. तिचे वडील म्हणालेत की संक्रांतीपर्यंत चौकात पोरीचं नाव निघालं नाही, तर परत आणू, परीक्षेला बसवू. निघालं तर एक स्थळ बघून ठेवलंय, दोन्ही तिकडच्या तिकडं उरकू, शिक्षण आणि पोरगी. रविवारची मॅच त्यांच्या कानावर गेलीय. गॅलरीतल्या पोरांची अक्कल म्हणून सोडून दिली. आता आणखी एकदा झालं तर सुटायचं नाही. तिचा निरोप एवढाच आहे. त्यानं लिहावं, पण मला सोडून लिहावं.

मी तुला शपथ घालत नाही. तुझ्या शपथा मला माहीत आहेत.
तुझं बरं व्हावं म्हणून नेहमी भांडणारी,
आक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १ जानेवारी २०२६

ती. आक्कास,
ऋतुराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. भाऊसो खाली चहा पीत थांबलाय. आधी मला तुझा राग आला, दीड महिना ती तुझ्या गल्लीत आणि तू गप्प. मग तिचा आला. धूळ होती म्हणे. मग भिंतीवर बुक्की मारली, ती भाजलेल्या हातानंच. खपली फुटली. कागदाला रक्त लागलंय ते त्याचं, घाबरू नको. मग भुवईतल्या काचेशी आलो आणि तिथंच बसून राहिलो.

आता जे सांगतो ते वाचून आईला फोन करू नको. काल संध्याकाळी पोरांनी चौकात नवा फ्लेक्स चढवला. पहिल्यापेक्षा दुप्पट. शाल पांघरलेला मी, हनुवटीखाली हात. लेखकरत्न ऋतुराजभैय्या यांचं दमदार पुनरागमन. त्याखाली तीच ओळ. आणि तिच्याखाली, लाल चष्म्याच्या वहिनी, आता तरी ऐका. काल तो बघून मी सम्राटला मिठी मारली होती. आज सकाळी तुझं पत्र घेऊन त्याच्याकडं पळत गेलो. वहिनीची ओळ तेवढी झाक, कागद चिकटव, रंग फास, पण झाक म्हणालो. तो हसला. म्हणाला, भावा, घाबरलास व्हय सयाजीला? तालमीनं चढवलेला फ्लेक्स तालीमच उतरवती, तीबी आठवड्यानं. न्हाय तर जो हात लावंल त्याचा हात ऱ्हात न्हाय, मग तो कुणाचा का असंना. गंमत म्हणून बोलला, पण मागची पोरं हसली नाहीत.

समोरच्या तालमीतनं सयाजी अजून आलेला नाही. येईल. त्यांच्यात आज हॉकी स्टिका वाटल्यात असं आदर्श सांगून गेला. आमच्यातही वाटल्यात. आज फ्लेक्स त्यांनी फाडला तर एखादा मरेल, आक्का. आणि नाही फाडला तर दुपारपर्यंत अनुजाच्या वडिलांच्या कानावर जाईल. म्हणजे तो त्यांच्या आधी उतरला पाहिजे, आणि आमच्यातल्या कुणीतरी उतरवला पाहिजे. सयाजी त्या दिवशी खांबावर का चढला हे मला आज कळलं. तरी त्याची बाजू घेत नाही. त्यानं तिला मारलं, आणि ते मी विसरणार नाही.

दुकानाची किल्ली माझ्याकडंच असते, म्हणून सम्राटकडनं तडक तिथं जाऊन ब्लॉग उघडला. ‘फाडणाऱ्यास’ खोडून टाकला. मैदानाच्या कडेवाली ती ओळही काढली. काढताना जीव गेला, माझ्या हातनं तेवढी एकच ओळ खरी झाली होती. नवा लेख घातलाय, छोटासा. काठीचा मार खाल्लेल्या त्या गॅलरीतल्या पोरावर. हात थांबत नसतो तेव्हा तो कसा थांबत नाही, एवढंच आहे त्यात. दाजींना वाचायला सांग. माग बंद ठेवण्याइतका चांगला नाही तो.

खाली हलगी सुरू झाली. फ्लेक्सखाली टेबल मांडलंय, केक आणलाय आणि तो कापायला तालमीतली तलवार. दर वेळेसारखं सम्राट स्वतः ती माझ्या हातात देणार आणि पोरं लांब सरकणार. फ्लेक्सचा खालचा काठ टेबलावर उभं राहिलं की हाताला येतो. वहिनीची ओळ सगळ्यात खाली आहे. एक घाव तिला, आणि मग जमलं तर वरचं. नंतर पोरं काय करतील ते माहीत आहे. पण ती अंगावर यायच्या आधी तलवार मी गटारात टाकणार आहे, तेवढं वचन देतो. कुणावर उगारणार नाही.

अनुजाला यातलं काही सांगू नको. चौकात संक्रांतीपर्यंत तिचं नाव निघणार नाही, एवढंच सांग.

रविवारचा लेख येणार. हात चालले नाहीत तर मी बोलेन, तू टाइप कर, पण संकल्प मोडायचा नाही. तुझ्या चुका मी काढीन.

आबांना नमस्कार तूच कळव, मला ते आत्ता जमणार नाही. जीव लावत आलीस तसाच लावत राहा.
तुझा,
ऋतुराज

ता. क. पत्र खिडकीतनं भाऊसोकडं टाकतो. आई स्वयंपाकघरात आहे, हलगी ऐकून ती केक बघायला खाली येईल. तिनं यायला नको. निघतो. दार ओढून घेतो आणि बाहेरनं कडी घालतो.