हरणाचे पाय, कासवाची अक्कल

१९ फेब्रुवारी

शिवज्योत सकाळी साडेसातला महाडात आली. रायगडावरून अनवाणी, डांबरावरून, हातात पेटती मशाल — आणि मागे टेम्पोत डीजे! धावणाऱ्यांत कापडे गावची दर्शना. ठकूबाईची भाची. ठकूबाई माझ्याकडे वीस वर्षं पोळ्या करते, आणि ही पोरगी तिच्याकडे राहून माझ्याच वर्गात दहावी झाली. आता राज्यभर धावते. रविवारी ठाण्याला एकवीस किलोमीटर. पहिली आली तर खेळाडू कोट्यातली नोकरी जवळपास पक्की. आणि ही तीन दिवस आधी अनवाणी ज्योत घेऊन पळतेय!

ठकूबाई तिला घरात घेऊन आली. उजवा गुडघा नारळाएवढा.

"हरणाचे पाय, कासवाची अक्कल," मी म्हटलं. वर्गात हिला रोज हेच म्हणायचे.

हसली. "गावची ज्योत हाय बाई. नाय कसं बोलायचं?"

तिला माझी गुडघ्याची पुडी दिली. कशेडी घाटात एक वैदू बसतो, त्याची. तीन महिने घेतेय, जिना पोरीसारखी चढते. चेहराही भरलाय म्हणतात सगळे. दर्शना पुडीकडे बघतच राहिली.

"कोणी काय दिलं तर घ्यायचं नाय, असं सांगितलंय आम्हाला. यात काय असतं बाई?"

"मुळ्या, आणि माझी पुण्याई. आणि मी काय 'कोणी' आहे का गं?"

घेतली मुकाट्याने. आणखी दोन बांधून दिल्या — शनिवारी रात्री एक, रविवारी सकाळी एक.

२२ फेब्रुवारी

पहिली आली! पुडीला शंभर मार्क.

२ मार्च

चौकात फ्लेक्स लागला. वर अकरा पुढारी, खाली कोपऱ्यात दर्शना — तीही अर्धी, विजेच्या खांबामागे. अकरांपैकी एक जण तरी चौकापासून बसस्टँडपर्यंत धाप न लागता चालून दाखवू दे, चिमटेबुवा लेखणी खाली ठेवील. तसं साप्ताहिकात लिहिलंही. पंधरा वर्षं लिहितोय हा चिमटेबुवा. तो म्हणजे मी, हे फक्त संपादक बाळला ठाऊक. शाळेत मी आपली मराठीची बाई, गुडघे धरून चालणारी.

सत्कारात दर्शनाला सात शाली मिळाल्या. बूट एकानेही दिले नाहीत.

२६ मार्च

दर्शनाला दिल्लीहून पत्र, उत्तेजकं तपासणाऱ्यांचं. शर्यतीनंतर घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं! चार वर्षांची बंदी येऊ शकते. नोकरीचं थांबलं. कुठून आलं ते वीस एप्रिलपर्यंत लेखी कळवायचं.

फ्लेक्स सकाळी अकराच्या आत उतरला. नगरपालिकेकडून एवढी चपळाई प्रथमच पाहिली.

२७ मार्च

बाळचा फोन — "ताई, तवा गरम आहे, टाका पोळी."

टाकली. तासाभरात लिहून झाला लेख. 'कापड्यात म्हणे आता भाताऐवजी पदकं पिकतात. खत तेवढं बाहेरचं. हरणाचे पाय, कासवाची अक्कल, आणि बाटली कोणाची ते देव जाणे!' वाईट वाटलं थोडं. पण पोरीने विश्वासघात केलाच ना? सगळ्या तालुक्याचा. माझाही.

बाळ म्हणाला, "झणझणीत!"

३ एप्रिल

ठकूबाईने पोळ्या करपवल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, तो चिमटेबुवा कोन मेला? त्याच्या घरात लेकीबाळी नाय काय? पोरीन काय नाय घेतलन हो. रडत पन नाय, नुसती वळईत पेंढ्यावर बसून हाय."

मी म्हटलं, "असतात अशी माणसं."

तो फ्लेक्स तिने नगरपालिकेच्या ढिगातून उचलून आणलाय. कापड्याला गच्चीवर पसरून त्यावर आंबोशी वाळत घातलीय. पुढाऱ्यांच्या तोंडावर घालते, म्हणाली. पोरीच्या फोटोवर नाय.

८ एप्रिल

सारखी तहान. चेहरा पुरीसारखा. 'काय तब्येत सुधारलीय बाई!' — स्टाफरूम.

११ एप्रिल

डॉक्टरांकडे गेले. साखर तीनशेवर.

"किती दिवस स्टेरॉइड घेताय?"

"छे हो! मी फक्त आयुर्वेदिक पुडी —"

कॉपी करताना धरलेल्या पोराकडे मी बघते, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, असल्या पुड्यांत हेच कुटून घालतात. एका दमात बंद करू नका, मी कमी करत आणतो.

घरी येऊन ही वही मागे चाळली. १९ फेब्रुवारी. दोनदा वाचलं. फार विनोदी लिहिते मी.

१२ एप्रिल

ठकूबाईला विचारलं, दर्शना काय लिहून पाठवणार?

पोळी लाटता लाटता म्हणाली, "'ठाऊक नाय' असं लिवलंन. पाठवायचाय अजून."

"पुडीचं नाही लिहिलं?"

लाटणं थांबलं. "बोलली, बाईंचा नाव नाय घालायचा. बाईंना काय ठाऊक त्यात काय होतं ते? शाळेत कशाला तमाशा त्यांचा?"

१३ एप्रिल

गप्प राहिले तर कोणालाही कळणार नाही.

वाक्य चांगलं आहे. पुढाऱ्याच्या तोंडी घातलं असतं तर चिमटेबुवाने त्याची सालं काढली असती.

१६ एप्रिल

प्रतिज्ञापत्र केलं. पुडी कोणी दिली, कोणत्या तारखेला, किती, ती नको म्हणत असताना. सोबत न फोडलेल्या चार पुड्या आणि डॉक्टरांचा कागद. नोकरीचं पत्र सुटेल का, बंदी कमी होईल का, वकील सांगत नाहीत.

मुख्याध्यापकांना आधी दाखवलं. "बाई, खरं लिहा, पण जरा मोघम लिहा." याच वाक्यावर मी गेल्या वर्षी अख्खा लेख पाडला होता!

१८ एप्रिल

एसटीने कापड्याला. दर्शना वळईत पेंढा रचत होती. कागद उभ्याउभ्या वाचला. घडी घातली. "आज पाठवते." मला चहा दिला. नमस्कार केला नाही — नेहमी वाकते.

पुडीबद्दल माफी मागितली. लेखाचं बोलले नाही. तो तर चिमटेबुवाचा.

१९ एप्रिल

सकाळी तिचा फोन. धावून आली होती बहुतेक, धाप ऐकू येत होती.

"बाई, पुडीचं माफ हाय. लेखाचं नाय."