म्हसवडकडची विहीर

आबा, उद्या लोणंदच्या बाजाराच्या फाटकावर तुमच्या नावाची पाटी लागते आहे. बाजाराची मंडळी घरी आली होती. "ताई, चार गोड शब्द बोला," म्हणाली. गोड शब्द तुम्ही मला शिकवलेच नव्हते. मी शाळेत जाण्याआधी कांद्याच्या पोत्यावर कोळशाने अक्षरे काढून तुम्हीच मला वाचायला शिकवलेत, तेही पलटणीतल्यासारखे ताठ उभे करून. एकदा शब्द न वाचताच मी अंदाजाने ठोकून दिला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "येत न्हाई म्हण. अंदाजानं बोललीस म्हंजी खोटं बोललीस." तेव्हापासून साधे वाक्य बोलतानाही मला धाकधूक वाटते.

बसऱ्याच्या लढाईतले पदक तुम्ही पेटीत ठेवलेत, पण लोकांनी तुम्हाला मान दिला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. बाजारात अडते आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी मुकाट उभा असे. तुम्ही अडतीचे दुकान घातलेत आणि पहिल्याच बाजारी रुमाल बाजूला केलात. "ज्याचा माल, त्याला भाव ऐकू दे." या एका गोष्टीवर म्हसवडकडच्या कोरड्या मुलखाने तुम्हाला लोकल बोर्डावर निवडून दिले. त्यांना एकच हवे होते. गावाला विहीर.

मग ती दुपार. सोप्यात माणसे बसलेली, म्हणून उसाचे बागायतदार पाटील तुमच्यामागून थेट स्वयंपाकघरात येतात. मी चुलीवर चहा ठेवते आहे. बोर्डाच्या उपाध्यक्षपदासाठी त्यांच्या माणसांची मते तुम्हाला, आणि म्हसवडकडची मंजूर झालेली विहीर त्यांच्या मळ्याशेजारी, इथवर बोलणे येते. बदल्यात आणखी रक्कम किती, ते बोलायच्या आधी पाटील माझ्याकडे बघून हसतात. "आवं सुभेदार, पोरगी हाय हितं." तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढता आणि दोघांच्या हातांवर टाकता. माझ्यादेखत, आबा. बोटे हलतात. पाटील म्हणतात, "ठरलं. दे गं चहा."

मी तो चहा दिला. पण राग आजही तसाच आहे. भर बाजारात जे तुम्हाला लाजिरवाणे वाटले, ते घरात कसे चालले? आणि मला अंदाजानेसुद्धा बोलू न देणारे तुम्ही, त्या मेंढपाळ म्हातारीशी कसे बोललात? ती म्हसवडकडून मुलाच्या बैलगाडीतून आली होती.

"आवं सुभेदारसायेब, आमची हिर कवा खांदताय?"

"वरनं हुकूम आला की."

"वरनं? आमाला वाटलं, वर तुमीच हाय."

तुम्ही चहा मागवलात. तिने घेतला नाही. "च्या नगं. बैलांस्नी पाणी तेवढं द्या." तुम्ही मान खाली घालून आत गेलात. बैलांना पाणी मी पाजले.

उद्या मी दोन्ही सांगणार आहे, बाजारातले आणि स्वयंपाकघरातले. मंडळी पुन्हा कधी दारात येणार नाहीत. येऊ नयेत. म्हसवडकडे अजून विहीर नाही, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे कुठे धाडायचे नाही, म्हणून लिहून टाकते. तुम्ही असे का केलेत, हे विचारायला मला तुमच्या हयातीत पुष्कळ दिवस मिळाले होते. विचारले नाही. तुमच्याजवळ कारण असेल, आणि ते मला पटेल, याची भीती वाटत होती. अजून वाटते.