गुरुवारची दहा यंत्रं

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. (अक्षरांचा क्रम चुकला असल्यास पायाचं प्लास्टर निघाल्यावर दुरुस्त करावा.) पाय कसा आहे? मामी म्हणते, पाय ठीक आहे, विश्रांतीची गरज तोंडाला आहे.

तुमच्या जागी तुमची वादनाची मुलं घेऊन तीन गुरुवार वृद्धाश्रमात जाऊन आले. ‘उपयोग काय होतो’ हे मुख्याध्यापिकाबाईंना एका पानात हवं आहे, नाहीतर हा तास गणिताला जाणार. म्हणून मोजता येईल तेवढं मोजलं. पहिल्या दिवशी आठ मुलांनी व्हायोलिनं उचलली. आवाजाबद्दल मी लिहीत नाही. दाराशी झोपलेलं मांजर उठून गेलं, एवढीच नोंद आहे. समोरच्या दहा आजी-आजोबांनी मात्र जीव तोडून टाळ्या वाजवल्या. मला शंका आली. (शंका घेण्याचाच मला पगार मिळतो.) या दहाही जणांची कानातली यंत्रं दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, आणि यंत्र कधी चालू, कधी बंद, हे त्यात साठत राहतं. शुक्रवारी सगळी तपासली. वादन चारला सुरू. चार वाजून सहा मिनिटांनी नऊ यंत्रं बंद. तिन्ही गुरुवारी तेच.

हे लिहावं तर तास जातो, लपवावं तर मी खोटी ठरते. म्हणून यंत्र परत देताना शिवणवाल्या आजींना सरळ विचारलं. (पन्नास वर्षं कपडे शिवले, अजून माणसाला नजरेनंच मापतात.) म्हणाल्या, “अगं, ऐकायला कोण बसतंय? बघायला बसतो. एकेकानं एकेक पोर वाटून घेतलंय. ती कडेची आहे ना, अवघड जागा आली की जीभ बाहेर काढते. परवा अर्धीच काढली. सुधारतेय.” ती तुमची का, विचारलं. “छे, ती पलीकडच्या खोलीतल्यांची. आम्ही नऊ, पोरं आठ. मी उरले.”

दहावं यंत्र रेल्वेतल्या सिग्नलवाल्या आजोबांचं. ते आठवडाभर खणात पडून असतं, मुलगा भेटायला आला तरी. चालू होतं ते फक्त गुरुवारी, चार ते पावणेपाच, आवाज पूर्ण मोठा. का, तर म्हणाले, “चुका मोजतो. एकतीसवरून बावीसवर आल्यात. आता मध्येच सोडून कसं चालेल?”

पानावर हे सगळं आकड्यांसकट लिहून दिलं. बाईंनी दोनदा वाचलं आणि गणिताला दुसरा तास शोधते म्हणाल्या.

पायाला जपा.

तुमची भाची

ता. क. तुमच्या माळ्यावर माझं जुनं व्हायोलिन असेल. ऐकतानाचा तुमचा चेहरा पाहून दहाव्या वर्षी मी ते सोडलं होतं. (तक्रार नाही, नोंद आहे.) तपासणीसाठी हवं आहे, बुधवारपर्यंत पाठवा.

आणखी ता. क. तपासणीसाठी नाही. शिवणवाल्या आजींसाठी हवं आहे, त्यांच्या वाट्याला एक पोर कमी पडतंय. त्यांचं यंत्र बंद असल्याची मी आधी स्वतः खात्री करेन. सिग्नलवाल्या आजोबांचं मात्र माझ्या हातात नाही.