पुष्पाची चिठ्ठी

११ जानेवारी १९९६, गुरुवार

उद्या युवा दिवस. सरकारच्या युवा योजनेसाठी मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुलींकडून सूचना मागवल्या होत्या. त्यातली एक निवडून जिल्ह्याला पाठवायची आणि त्या मुलीनं ती कलेक्टरसाहेबांसमोर वाचायची. मी पुष्पाला निवडलं. इथल्या गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरच्या नावाड्याची मुलगी, साहेबांना बरं वाटेल म्हणून. पण तिच्या चिठ्ठीत दोनच ओळी. आमच्या गल्लीत दिवा लावा, म्हणजे मला संध्याकाळी लायब्ररीत बसता येईल. एवढंसं कसं पाठवायचं? मग तिच्या नावावर मीच पानभर लिहून पाठवलं, 'राष्ट्रनिर्माण में युवतियों की भूमिका'.

आज ती घरी सरावाला आली. न अडखळता वाचलं. मग म्हणाली, "मैडम, ये हमने कब लिखा?"

"थोड़ा सुधार दिया है," मी म्हटलं. थोडं कुठलं, सगळंच.

"अच्छा है," एवढंच बोलली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

तिची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. उद्या तीच वाच म्हणून सांगू? आणि पाठवलेलं ते पान कुठं गेलं, असं साहेबांनी सगळ्यांदेखत मला विचारलं तर?

ती निघाली तेव्हा अंधार पडला होता. मी टॉर्च घेऊन दारात आले, तर म्हणाली, "रहने दीजिए, हमको आदत है." आणि मी लिहिलेलं पुटपुटत त्या काळोख्या गल्लीत शिरली.